एकाच चंद्राच्या दोन किमती

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्यांची धाकटी बहीण योकोहामाला असते, दिवाळीत घरी येतेय. वडिलांच्या पंच्याहत्तरीला जपानी फाउंटन पेन द्यायचं दोघांनी ठरवलंय. वडील निवृत्त संस्कृत शिक्षक, अजूनही रोज दोन-तीन पानं हाताने लिहितात. बहिणीने दुकानातून दोन पेनांचे फोटो पाठवलेत. दोन्ही काळी, दोन्हींवर बांबूचं बन आणि पूर्ण चंद्र, म्हणजे कागुया-हिमेची गोष्ट, बांबूत सापडलेल्या आणि शेवटी चंद्रावर परत गेलेल्या मुलीची. एक ३५ हजार येनचं, दुसरं ४ लाखांचं. फोटोत फरक दिसत नाही. तर एवढी जास्तीची किंमत कशाची, महागडं घेतलं तर बाबांनी ते वापरायचं की कपाटात ठेवायचं, आणि हीच गोष्ट घ्यावी की दुसरी?

मी गेली सत्तावीस वर्षं पुण्यात शाईची पेनं दुरुस्त करतो. वाकलेली निब सरळ करणं, गळती काढणं, तडकलेलं टोपण जोडणं हा रोजचा धंदा. जपानी चित्रांची पेनं वर्षाकाठी पाच-सातच येतात, पण त्यांचं इतकं वेड लागलं की मध्यंतरी जपानमध्ये कानाझावाला एका कारागिराकडे दोन महिने राहून थोडं काम शिकून आलो. शिकलो म्हणजे काय, तर हे आपल्याला जमणार नाही हे नीट शिकलो.

स्वस्त पेनावरचं चित्र बहुधा छापलेलं आहे आणि महागावरचं हाताने काढलेलं. छापलेलं म्हणजे फसवणूक नव्हे. नावाजलेल्या कंपन्या अशी पेनं उघडपणे 'आधुनिक माकी-ए' म्हणून विकतात. आपल्याकडे लग्नपत्रिका ज्या स्क्रीन प्रिंटिंगने छापतात, तेच तंत्र. जाळीतून रंग आणि सोनेरी पूड उतरते, वर पारदर्शक थर. लिहायला दोन्ही पेनं जवळजवळ सारखीच असू शकतात. कित्येकदा निबही एकाच जातीची असते. जास्तीचे ३ लाख ६५ हजार येन लिहिण्यासाठी नाहीत, हे आधी मनाशी पक्कं करा.

मग कशासाठी? माकी-ए या शब्दातच उत्तर आहे. 'माकु' म्हणजे पेरणं, भुरभुरणं, आणि 'ए' म्हणजे चित्र. भुरभुरून काढलेलं चित्र. आपली रांगोळी डोळ्यांपुढे आणा, फक्त जमिनीवर आधी डिंकाने नक्षी काढलीय आणि रांगोळी तेवढ्या ओल्या रेघेलाच धरून राहतेय अशी कल्पना करा. इथे डिंकाच्या जागी उरुशी, म्हणजे एका झाडाचा चीक, आणि रांगोळीच्या जागी सोन्याची पूड.

कानाझावाला मी जे पाहिलं ते सांगतो. कारागिराने आधी पातळ कागदावर चित्र काढलं. कागद उलटा करून त्याच रेघा उरुशीने गिरवल्या आणि तो ओला कागद पेनाच्या दांडीवर हलकेच दाबला. कागद सोलला तेव्हा दांडीवर चित्राची पुसट सावली उतरली होती. मग उंदराच्या पाठीच्या केसांचा कुंचला घेऊन त्याने तांबूस उरुशीने एक बांबूचं पान भरलं. एकच पान, माझ्या करंगळीच्या नखाहून लहान. मग थांबला. मी विचारलं, आता काय? तर म्हणाला, उरुशी थोडी घट्ट व्हायला हवी. लगेच पूड टाकली तर सोनं बुडतं, उशिरा टाकली तर चिकटत नाही. पाच-सात मिनिटांनी एका बारीक नळीच्या तोंडाला रेशमी जाळी लावून, नळीवर बोटाने टिचक्या मारत त्याने सोनं भुरभुरवलं. पान पेटल्यासारखं उजळलं. मग दांडी ओलसर लाकडी कपाटात गेली. दुसऱ्या दिवशी त्यावर उरुशीचा पातळ हात, पुन्हा कपाट, मग कोळशाने घासणं आणि शेवटी हरणाच्या शिंगाची पूड तेलात कालवून नुसत्या बोटाने चोळणं. त्या कारागिराच्या उजव्या अंगठ्यावर रेषाच उरल्या नव्हत्या.

हे झालं सपाट काम, हिरा माकी-ए. जपानीत 'हिरा' म्हणजे सपाट. त्याच्या वरची पायरी तोगिदाशी. यात सगळं चित्र काळ्या उरुशीखाली पुरायचं आणि मग कोळशाने घासत घासत पुन्हा वर आणायचं. धुकं, पाण्यातलं प्रतिबिंब, ढगाआडचा चंद्र अशा गोष्टी यात फार सुंदर येतात. ताका म्हणजे कोळशाची पूड नाहीतर माती उरुशीत मळून आधी उठाव द्यायचा आणि त्यावर सोनं. आणि या दोन्हींचं लग्न लावलेलं शिशिआई-तोगिदाशी, ज्यात डोंगराचा उठाव उतरत उतरत सपाट पाण्यात कुठे विरला ते बोटालाही कळत नाही. चार लाखांच्या पेनावर यातलं काय आहे, हे बहिणीने दुकानदाराला नावानिशी विचारावं. तो लगेच सांगेल. आडवळणाने बोलू लागला, तर पेन ठेवून बाहेर पडावं.

उरुशीबद्दल एक गोष्ट आपल्याकडे हमखास चुकीची सांगितली जाते, म्हणून जरा थांबतो. उरुशी म्हणजे लाख नव्हे. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांवरची आणि गंजिफांवरची लाख किड्यापासून मिळते, उष्णतेने वितळते, स्पिरिटमध्ये विरघळते. उरुशी हा झाडाचा चीक आहे, आणि ते झाड आपल्या आंबा, काजू आणि बिब्ब्याच्या कुळातलं. बिब्बा म्हटलं की पुढचं सांगायला नको. कानाझावाला चौथ्या दिवशी माझे दोन्ही हात कोपरापर्यंत सुजले, पुरळ उठलं, रात्रभर खाज. लहानपणी आजोळी बिब्बा उतला होता, तसाच्या तसा. माझ्या शिक्षणात बिब्बा घातला तो असा अक्षरशः. तिथल्या कारागिरांना एकदा होतं आणि मग बहुतेकांचं अंग सरावतं. तयार पेनाला मात्र घाबरू नका. घट्ट झालेली उरुशी सहसा त्रास देत नाही.

तर हा चीक. दहा-पंधरा वर्षं वाढवलेल्या झाडाला चिरा देऊन एका हंगामात साधारण २०० ग्रॅम मिळतो आणि मग ते झाड तोडतात. हवेतल्या ओलाव्यात तो घट्ट होतो, म्हणजे रंग वाळतो त्याच्या बरोबर उलट. सत्तर-ऐंशी टक्के दमटपणा लागतो. म्हणून ते ओलं कपाट, ज्याला तिकडे 'फुरो' म्हणजे न्हाणीघर म्हणतात. एका पेनाला असे कितीतरी हात द्यायचे, प्रत्येक हाताला न्हाणीघराचा मुक्काम. किमतीतला मोठा वाटा सोन्याचा असेल असं लोकांना वाटतं. खरं तर तो या वाट पाहण्याचा असतो.

बहिणीला आता दुकानात काय पाहायचं ते सांगतो. दहापट मोठं दाखवणारं भिंग मागावं. जपानी पेनदुकानात ते असतंच आणि मागितलं तर कोणी तोंड वाकडं करत नाही. बांबूच्या पानाची कड बघावी. छापील पानाची कड सगळीकडे एकसारखी जाड असते आणि नीट पाहिलं तर जाळीचे बारीक दाते दिसतात. हाताच्या कामात रेघ जाड सुरू होऊन केसासारखी निमुळती होते आणि कडेला सोन्याचे दोन-चार कण वाट चुकलेले असतात. मग पेन दिव्याखाली तिरकं धरावं. छापील सोनं एकाच वेळी चमकतं आणि एकाच वेळी विझतं. भुरभुरलेल्या सोन्यात कणांचा आकार वेगवेगळा असतो, त्यामुळे चमक चित्रावरून सरकत जाते. दांडीच्या टोकाजवळ कारागिराची बारीक सही असते का तेही पाहावं, पण नुसत्या सहीवर विसंबू नये. सहीसुद्धा छापता येते.

चंद्राकडे मात्र नीट बघा, कारण या गोष्टीच्या पेनात सगळं चंद्रावर येऊन ठेपतं आणि चंद्र हीच उरुशीतली सर्वांत अवघड गोष्ट. उरुशी मुळात तपकिरी. तिच्यात पांढरं रंगद्रव्य घातलं तरी दुधाळ चहासारखा रंग येतो, शुभ्र येत नाही. त्यामुळे चंद्र, बगळा, बर्फ दाखवायला कारागिराला पळवाटा शोधाव्या लागतात. एक म्हणजे चांदीची पूड. दिसते अप्रतिम, पण चांदी ती चांदी, काही वर्षांत काळवंडते. दुसरी, चांदीऐवजी प्लॅटिनमची पूड. ती काळी पडत नाही, मात्र किंचित थंड, करडी दिसते. तिसरी, शिंपल्याचे पातळ काप बसवायचे, ज्याला रादेन म्हणतात. मग चंद्रात हिरवी-गुलाबी झाक खेळते. आणि चौथी, लावीच्या अंड्याच्या टरफलाचे कण एकेक करून चिमट्याने जोडायचे. खरा पांढरा रंग हवा असेल तर हाच. भिंगातून पाहिलं तर भेगाळलेल्या शेतासारखा दिसतो, हातभरावरून पूर्ण चंद्र.

चांदीच्या चंद्राबद्दल माझी एक चूक. वीसेक वर्षांपूर्वी एका गृहस्थांनी चंद्र आणि सशाचं पेन आणलं. चंद्र काळा पडलाय, उजळून द्या म्हणाले. मी चांदी पुसायचं कापड घेतलं आणि चार हात फिरवले. चंद्र उजळला खरा, पण कापडावर सोनेरी डाग दिसला तेव्हा लक्षात आलं की सशाचा डावा कान गेला. सपाट कामातलं सोनं कागदाहून कितीतरी पातळ असतं आणि त्यावर संरक्षक थर नसल्यातच जमा. त्या गृहस्थांनी एक शब्दही न बोलता पेन खिशात घातलं. त्यांनी ओरडायला हवं होतं असं अजून वाटतं. तेव्हापासून काळा झालेला चंद्र मी तसाच ठेवतो आणि गिऱ्हाइकाला सांगतो, ग्रहण लागलंय समजा.

तो ससाही बाबांना सांगण्यासारखा आहे. जपानी चंद्रावर ससा मुसळाने भात कांडून त्याचा चिकट गोळा, म्हणजे मोची, करत असतो, पण तो तिथे पोचला आपल्याकडून. याचकाला द्यायला काही नाही म्हणून स्वतः आगीत उडी घेणारा ससा आणि त्याचं चित्र चंद्रावर काढणारा इंद्र, ही जातककथा बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमार्गे जपानात गेली. ज्यांनी जन्मभर 'शशांक' या शब्दाचा विग्रह फळ्यावर लिहिला, त्यांना हे आवडेल.

आता गोष्ट. कागुया-हिमेची कथा 'ताकेतोरी मोनोगातारी', म्हणजे बांबू तोडणाऱ्याची कहाणी, नवव्या शतकाच्या अखेरची किंवा दहाव्याच्या सुरुवातीची. जपानी गद्यातली आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी कथा तीच मानतात. बांबू तोडणाऱ्या म्हाताऱ्याला एक बांबू बुंध्याशी उजळलेला दिसतो आणि आत तीन सुन उंचीची, म्हणजे साधारण नऊ सेंटीमीटरची मुलगी. ती मोठी होते, पाच सरदार मागणी घालतात, ती प्रत्येकाला अशक्य वस्तू आणायला सांगते. एकाला थेट आपल्याकडे, भारतातलं बुद्धाचं दगडी भिक्षापात्र आणायला पाठवते. तो कसला येतोय भारतात. जवळच्याच डोंगरातल्या देवळातलं काजळी धरलेलं भांडं उचलून आणतो.

माझा आवडता दुसरा सरदार. त्याला होराई या काल्पनिक बेटावरच्या झाडाची फांदी आणायची असते. मुळं चांदीची, खोड सोन्याचं, फळं पांढऱ्या रत्नांची. माकी-ए वाल्यासाठी हे वर्णन म्हणजे सामानाची यादीच. हा सरदार समुद्रावर गेल्याचं सोंग करतो आणि गुपचूप सहा उत्तम कारागीर बसवून फांदी घडवून घेतो. फांदी इतकी अस्सल की कागुयाचा चेहरा उतरतो, आता लग्न करावं लागणार. तेवढ्यात ते सहा कारागीर अर्ज घेऊन दारात हजर: हजाराहून जास्त दिवस राबलो, मजुरी अजून मिळाली नाही! भांडं फुटतं. कागुया आनंदाने कारागिरांना बक्षीस देते, आणि तो सरदार परतीच्या वाटेवर त्यांना रक्त निघेस्तोवर मारतो. हजार वर्षांपूर्वीच्या परीकथेत कारागिराच्या थकलेल्या मजुरीचा असा हिशोब आलेला पाहून मला तर ती गोष्ट आपल्याच गल्लीतली वाटते. हा प्रसंग रंगवलेलं पेन मी अजून पाहिलेलं नाही. सगळे आपले चंद्र आणि बांबूच काढतात.

म्हणूनच गोष्टीच्या पेनात मी सोन्याआधी हे बघतो की कारागिराने कोणता क्षण निवडलाय आणि तो दांडीभोवती कसा फिरवलाय. बंद पेन साधारण पंधरा सेंटीमीटर लांब, जाडी तेरा-चौदा मिलिमीटर, म्हणजे घेर चारेक सेंटीमीटर. हा झाला कॅनव्हास. त्यातही एका नजरेत फार तर अर्धाच दिसतो. फोटोत दोन्ही पेनं सारखी दिसली यात नवल नाही, फोटो एकच बाजू दाखवतो. बहिणीला सांगा, पेन बोटांत धरून सावकाश पूर्ण फिरव आणि व्हिडिओ काढ. स्वस्त पेनांत पुष्कळदा मागची बाजू रिकामी, नाहीतर तीच पानं पुन्हा. चांगल्या कामात समोर चंद्र, थोडं फिरवलं की खाली उतरणारे ढग, आणखी फिरवलं की अगदी खाली, कोपऱ्यात, हात पसरलेला म्हातारा. मी एकदा असं पेन पाहिलं की त्यावर कागुया नव्हतीच. वर आकाशात जाणारा तिच्या वस्त्राचा पदर आणि खाली म्हातारा-म्हातारी, बस. चंद्रावर परत नेताना तिला घालतात तो पिसांचा झगा अंगावर पडला की तिला पृथ्वीवरचं काही आठवत नाही. ते पेन मी धुवायला म्हणून घेतलं आणि अर्धा तास नुसतं फिरवत बसलो.

आणखी एक बारीक गोष्ट. पुष्कळ पेनांच्या आट्यांना दोन-तीन सुरुवाती असतात, त्यामुळे टोपण दोन-तीन वेगवेगळ्या ठिकाणी बसतं, पण चित्र एकाच ठिकाणी जुळतं. दुसरीकडे लावलं तर चंद्राचा एक तुकडा इकडे आणि एक तिकडे. दोष नाही तो. टोपण काढून थोडं फिरवून पुन्हा लावायचं. बाबांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर पेन बिघडलं म्हणून फोन येईल.

पेनावर उरुशी आली कशी हेही दोन वाक्यांत. जहाजविद्येच्या शाळेत शिकवणाऱ्या र्‍योसुके नामिकी यांनी मासाओ वादा यांच्यासह १९१८ मध्ये तोक्योत कंपनी काढली, आजची पायलट. तेव्हाची पेनं एबोनाइटची, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराची, आणि उन्हाने ती करडी पडायची. उपाय म्हणून १९२० च्या दशकात त्यांना उरुशीचा लेप द्यायला सुरुवात झाली, आणि लेप आला तिथे माकी-ए मागोमाग आलं. १९३० मध्ये लंडनच्या डनहिल कंपनीशी करार झाला आणि ही पेनं युरोपात गेली. कानाझावाचे गोनरोकु मात्सुदा (१८९६–१९८६) यांनी त्या काळात नामिकीसाठी काम केलं, आणि १९५५ मध्ये जपानने त्यांना 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' म्हणून मान दिला. उरुशीच्या कामाचं दुसरं मोठं गाव वाजिमा. १ जानेवारी २०२४ च्या भूकंपात आणि आगीत तिथली कित्येक कामाची घरं गेली. दुकानदाराने वाजिमाच्या कारागिराचं काम दाखवलं तर ते हे लक्षात ठेवून बघा.

तुमचा तिसरा प्रश्न, हीच गोष्ट की दुसरी. इथे मी जरा आगाऊपणा करतो. परदेशी राहणारी मुलगी बापाला भेट देणार ती कोणती गोष्ट? मुलगी म्हाताऱ्या आईबापाला सोडून चंद्रावर निघून जाते आणि त्यांना विसरते, ती. पेन सुंदर असेल, पण बाबांनी गोष्ट विचारली तर सांगणार कोण? उराशिमा तारोचं पेन तर पंच्याहत्तरीला नकोच नको. कासवाला वाचवणारा कोळी समुद्राखालच्या राजवाड्यात थोडे दिवस रमतो, परत येतो तर गावात शेकडो वर्षं उलटलेली. ब्रह्मलोकातून परतलेल्या रेवतीच्या वडिलांसारखीच गत. आणि उघडू नकोस म्हणून दिलेली पेटी उघडतो तो पांढरा धूर येऊन क्षणात म्हातारा. वाढदिवसाला काय ही भेट! तशी ती पेटी उरुशीचीच काढतात, म्हणजे उरुशीत उरुशीचं चित्र, कारागिरांना हा विषय फार प्रिय आहे. त्या गोष्टीतलं नुसतं शेवाळाची लांब शेपटी असलेलं कासव आणि सोबत सारस मिळाला तर मात्र डोळे मिटून घ्या. सारस हजार वर्षं जगतो आणि कासव दहा हजार, असं ते म्हणतात. शुभ जोडी.

मोमोतारो, पीचमधून निघालेला मुलगा, कुत्रा, माकड आणि फेझंट पक्ष्याला घेऊन राक्षसांवर चाल करून जातो. नातवाला छान. इस्सुन-बोशी हा एक सुन, म्हणजे तीन सेंटीमीटर उंचीचा वीर. सुईची तलवार, भाताच्या वाडग्याची होडी, वल्हं म्हणून चॉपस्टिक. हा नायक पेनावर खऱ्या मापाने काढता येतो. एका कारागिराने त्याला टोपणाच्या क्लिपखाली लपवलेला पाहून मी दुकानात मोठ्याने हसलो होतो.

मला विचाराल तर हानासाका जीसान. एका भल्या म्हाताऱ्याचा कुत्रा शेजारी मत्सराने मारतो. त्याच्या थडग्यावर झाड उगवतं, झाडाची उखळ होते, शेजारी तीही जाळतो. म्हातारा ती राख गोळा करून वाळलेल्या चेरीवर भुरभुरतो आणि झाड फुलून येतं. राख भुरभुरायला तिकडे 'माकु' हेच क्रियापद, माकी-ए मधलं. म्हणजे कारागीर सोनं भुरभुरून फुलं काढतो ती राख भुरभुरून फुलं काढणाऱ्या म्हाताऱ्याची. सपाट कामात हा विषय फार शोभतो, कारण फुलं विरळ भुरभुरीतच हलकी दिसतात, उठाव दिला की बटणांसारखी होतात. आणि चित्रातला नायक म्हातारा आहे, झाडावर चढलेला, हसणारा. अशी हाताची सपाट कामं तुमच्या दोन किमतींच्या मधे कुठेतरी मिळतात. बहिणीने तसं विचारून पाहावं. दुकानात नसेल तर मागवून देतात.

वापरायचं की ठेवायचं? वापरायचं. उरुशीला हात लागलेला आवडतो, आणि वर्षं जातात तसा तिचा तपकिरीपणा कमी होऊन खालचे रंग अधिक उजळ दिसू लागतात. कपाटातल्या पेनातली शाई मात्र वाळते आणि मग ते माझ्याकडे येतं. जपायचं ते ऊन. खिडकीतलं टेबल नको, गाडीचा डॅशबोर्ड तर मुळीच नको, अतिनील किरणांनी उरुशी निस्तेज होते. लिहिताना टोपण मागे खोचायचं नाही. दोन महिन्यांत दांडीवर गोल वळ उठतो, आणि तो नेमका चित्राच्या मधोमध. बाबांना टोपण मागे लावून लिहायची सवय असेल तर ती मोडण्यापेक्षा छापील पेन घेतलेलं बरं. त्यावरचा वळ मनाला तेवढा लागत नाही. शर्टाच्या खिशात किल्ल्यांबरोबर नको. धुताना निबचा भाग तेवढा पाण्यात, दांडी कोरडी.

शाई साधी, पाण्याने धुऊन जाणारी. चित्रकलेची काळी इंडिया इंक आत गेली तर फीड, म्हणजे निबला शाई पुरवणारा भाग, संपलाच समजा. निब घेताना लक्षात ठेवा, जपानी फाइन ही युरोपी एक्स्ट्रा फाइनइतकी बारीक असते, कारण त्यांना लहान चौकटीत कांजी, म्हणजे जपानी चित्रलिपीची अक्षरं, बसवायची असतात. वहीच्या साध्या कागदावर देवनागरी लिहिणाऱ्याला ती कधी कधी खरखरते, विशेषतः शिरोरेघ ओढताना, आणि संस्कृत जोडाक्षरांची सवय असलेला हात जरा जोर देऊन लिहितो. बाबांना मीडियम द्या. शक्य असेल तर त्यांनी लिहिलेलं एक पान फोटो काढून बहिणीला पाठवा, दुकानातला माणूस अक्षराची जाडी पाहून निब सुचवतो.

आणि पुसायला मऊ, जुनं सुती कापड, तेही कोरडं. पॉलिश नाही, चांदी पुसायचं कापड नाही, सॅनिटायझर नाही. बाबांचं झिजलेलं धोतर घरात असेल तर त्याचा वीतभर तुकडा पेनाच्या डब्यात घालून ठेवा. दुकानात मिळणाऱ्या कापडापेक्षा तो बरा.